इंजिन राहू द्या, आधी चाकं उघडा: जुन्या फौजी ट्रकनं इंदूर ते कोकण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जबलपूरला बांधलेली, फौजेतून निघालेली निसान वन टनर (एक टन सामान वाहणारा ट्रक) तुम्ही महूजवळच्या एका गोदामातून घेतली. कित्येक वर्षं ती तिथं नुसती उभी होती. थोड्या खटपटीनं सुरू होते, इंजिनाचा आवाज बरा आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरचे तुम्ही तिघे मित्र नाताळच्या सुट्टीत तिच्यातून आधी अहिल्यानगरचं रणगाड्यांचं संग्रहालय बघणार आणि पुढे पुण्यावरून हरिहरेश्वर गाठणार. मेकॅनिकनं इंजिनाचं पूर्ण काम सुचवलंय आणि हाताशी असलेले बहुतेक पैसे त्यातच जाणार आहेत. ते करून घ्यावं का, आणि गाडीला एवढा पल्ला झेपेल का?

झेपेल. पण इंजिन आत्ता उघडू नका.

वर्षानुवर्षं जुन्या गाड्या दुरुस्त करून, आणि त्या रस्त्यावर कुठं कुठं बंद पडतात ते बघून, मी हे सांगतोय. धावून झिजलेली गाडी आणि उभी राहून खराब झालेली गाडी, या दोन वेगळ्या गाड्या असतात. तुमची दुसऱ्या प्रकारची आहे. उभ्या गाडीत सगळ्यात कमी नुकसान इंजिनाचं होतं, कारण त्यात तेल असतं आणि जाड लोखंड असतं. नुकसान होतं ते रबराचं, टाकीतल्या पेट्रोलचं, ब्रेक ऑइलचं आणि जिथं ग्रीस सुकून गेलं त्या प्रत्येक सांध्याचं. रस्त्यात गाडी थांबते ती यातल्याच एखाद्या गोष्टीनं.

तुमच्या गाडीचं इंजिन ३९५६ सीसीचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. निसानच्या परवान्यावर जबलपूरच्या कारखान्यात ही गाडी बनत होती, आणि तिथंच बनणाऱ्या जोंगा या फौजी जीपलाही हेच इंजिन होतं. त्यामुळे सामान अजून मिळतं. इंजिन सावकाश फिरणारं, दणकट आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. सहाही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळपास असतील, तापलेल्या इंजिनातही ऑइल प्रेशर टिकत असेल आणि निळा धूर नसेल, तर ते तुम्हाला कोकणात नेऊन परत आणेल. ऑइल आणि फिल्टर बदला, व्हॉल्व्हची फट तपासा आणि झाकण लावून टाका.

व्हॉल्व्हच्या फटीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला ते शिसं संरक्षण देत असे. ते गेल्यावर, जास्त लोडवर बराच वेळ चालवलं तर, बैठक हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह वर सरकतो. म्हणून निघण्याआधी प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट वहीत लिहा आणि परत आल्यावर पुन्हा मोजा. एखादी फट दर वेळी कमी होत असेल, तर हेडचं काम पुढच्या वर्षी काढायचं. आज नाही.

आता चाकं. मी तुमच्या जागी असतो तर पहिला पैसा इथं घातला असता.

चारही चाकांचे ब्रेक ड्रम काढा. चाकाच्या ब्रेक सिलिंडरवर रबरी टोपी असते, तिची कड नखानं किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरनं उचलून आत बघा. आत कोरडं हवं. ओलसर दिसलं, मग ते थेंबभर का असेना, तर सिलिंडर गळतोय. नुसतं रबर बदलून भागत नाही. आतल्या भिंतीवर बोट फिरवा, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तिथं गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि नवं रबर त्या खड्ड्यांवर महिन्याभरात फाटतं. सिलिंडरच बदला किंवा त्यात स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, बसवून घ्या. ब्रेकचे रबरी होज पाइप बाहेरून कितीही चांगले दिसोत, सगळे नवे घाला. जुना होज आतून फुगतो, मग ब्रेक सोडल्यावर तेल मागं येत नाही आणि ते चाक धरून राहतं. लोखंडी नळ्या जिथं चेसिसला क्लिपनं धरलेल्या असतात तिथं क्लिपखाली गंजतात, म्हणून क्लिपा काढून बघा. मग सगळं जुनं तेल काढून नवं भरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते. पेडल एकदम जमिनीला टेकतं ते त्या क्षणी.

हे सगळं झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर तसंच धरून ठेवा. पाय हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलला जोडलेला मुख्य ब्रेक सिलिंडर, गेला. या काळातल्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेकचं एकच सर्किट असतं. आजच्या कारसारखे दोन वेगळे भाग नसतात. एक होज फुटला की चारही चाकं गेली. आणि हॅन्डब्रेकवर विसंबू नका. या कुळातल्या बऱ्याच गाड्यांत तो चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीमागच्या) शाफ्टवर असतो. उभी गाडी धरून ठेवायला तो उत्तम, पण धावत्या गाडीत ओढला तर शाफ्टचा क्रॉस (सांधा) किंवा अ‍ॅक्सल तुटू शकतो.

चाकं काढलीच आहेत तर रिम बघा. इथं मी अगदी निक्षून सांगतो, कारण या गोष्टीनं माणसं मेलेली आहेत. फौजी गाड्यांचे रिम दोन प्रकारचे येतात. एकात बाहेरून लोखंडी रिंग बसवलेली असते, दुसऱ्यात रिमचे दोन अर्धे भाग बोल्टनं एकत्र जोडलेले असतात. दुसऱ्या प्रकारात चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतलं वर्तुळ चाक हबला धरतं, बाहेरचं रिमचे दोन अर्धे एकमेकांना. हवा भरलेली असताना बाहेरचे नट सैल केले तर तो रिम तोफेसारखा उडतो. बाहेरच्या नटांना लाल रंग द्या, म्हणजे हायवेवरचा पंक्चरवाला पोरगा चुकून तिथं पाना लावणार नाही. आणि कुठल्याही प्रकारचा रिम असो, चाक खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. भरताना रिंग चाकाखाली जाईल अशी ठेवायची किंवा साखळीनं बांधायची, आणि समोर कुणी उभं राहायचं नाही.

टायर नक्षी बघून घेऊ नका. फौजी टायरची नक्षी पन्नास वर्षांनीही नवी दिसते, कारण तो झिजलेलाच नसतो, सुकलेला असतो. बाजूच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, तो ताबडतोब बाजूला काढा. स्टेपनीही तपासा, ती बहुतेक सगळ्यात जुनी निघते.

पेट्रोलकडे वळू. २०२५ पासून आपल्याकडे पंपावर सरसकट वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. तुमच्या गाडीचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची रबरं ही त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेली. इथेनॉलनं ती फुगतात, चिकट होतात. शिवाय इथेनॉल टाकीत बसलेला जुना डिंक आणि गंज सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. म्हणून टाकी उतरवा, धुवा, आतला गंज काढा. टाकीला वेल्डिंगची गरज असेल तर हे काम ज्याला नीट येतं त्याच्याकडेच द्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, दुकानात ‘विटॉन’ म्हणून मागितले तर कळतं. पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर बसवा आणि तसे आणखी चार सोबत ठेवा. पहिल्या दोन दिवसांत त्यात तांबूस कचरा दिसेल, तो दिसला की बदला. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण थोडं श्रीमंत, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, करून घ्यावं लागतं, नाहीतर चढावर इंजिन कोरडं जळतं आणि तापतं.

मायलेजची काळजी करत बसू नका, पण हिशोब मात्र करा. लिटरला चार किलोमीटर धरा, कमी निघालं तरी दचकू नका. जाऊन येऊन सोळाशे-सतराशे किलोमीटर होतील, म्हणजे चारशे लिटरच्या वर पेट्रोल. आजच्या भावानं चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये. इंजिन उघडलं तर हे पैसे उरणारच नाहीत, हा माझ्या सल्ल्यातला अगदी व्यवहारी भाग.

डिसेंबरमध्ये व्हेपर लॉकचा त्रास होणार नाही. पुढे कधी उन्हाळ्यात निमाडात उतरलात तर होईल, म्हणून सांगून ठेवतो. इंजिनाला खेटून असलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अशी बंद पडते की जणू पेट्रोलच संपलं. खलघाटला मे महिन्यात एका ओळखीच्या जोंगाचं असं झालं होतं. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवलं, चहा होईपर्यंत थांबले, पहिल्या सेल्फला गाडी सुरू.

रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्या. जुन्या गाड्यांत लोकांनी बोअरचं पाणी घातलेलं असतं, त्याचा क्षार नळ्यांत बसतो. होज, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट नवे घ्या, ते महाग नाहीत. विजेचं मी थोडक्यात आटपतो. आधी गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची ते बघा, फौजी गाड्यांत २४ सर्रास असतं, आणि त्याप्रमाणे दिव्यांचे बल्ब इंदूरहूनच न्या, कारण हायवेच्या दुकानात कारचे, १२ चेच, मिळतात. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले सीबी पॉइंट, रोटर आणि विशेषकरून कंडेन्सर, प्रत्येकी एक जास्तीचा. कंडेन्सर न सांगता जातो.

स्टेअरिंगमध्ये किंगपिन, टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंक या सांध्यांचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, बघा. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट कसून घ्या आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा कसा. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल मागं सरकतो आणि गाडी तिरकी धावायला लागते, आणि तो तुटतो तो सैल यू-बोल्टमुळेच. पुढची चाकं डांबरी रस्त्यावर कधीच एंगेज करू नका. या गाडीला मधलं डिफरन्शियल, म्हणजे वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, नाही. चारही चाकांना ताकद देऊन डांबरावर वळलात तर सगळा ताण गिअरवर आणि शाफ्टवर साठतो.

कागदपत्रांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याच्यावाचून बाहेर पडू नका. फौजेतून विकलेल्या गाडीच्या नोंदणीसाठी मूळ विक्रीचा दाखला, फॉर्म २१, लागतो. तो असेल तर बाकीचं जमतं. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर फिटनेस, महाराष्ट्रात शिरण्याचं परमिट आणि विमा, तिन्ही चालू हवेत. मागच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत. तुम्ही तिघे आहात, केबिनमध्ये जितक्यांची जागा नोंदलेली आहे तितकेच. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

रंगाचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाडीखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत गाडी अजून त्याच रंगात आहे आणि दारावर युनिटचं चिन्हही दिसतंय. मला समजतं, त्या रंगासाठीच तर माणूस अशी गाडी घेतो. तरी रंग बदला आणि चिन्हं पुसा. तुम्ही महूवरून अहिल्यानगरच्या छावणीत जाणार आहात, दोन्ही ठिकाणी खरी फौज आहे. तिच्या खुणा आपण लावून फिरणं बरं नाही, कायद्यानं आणि मनानंही. मातकट किंवा राखाडी रंग या गाडीला शोभतो.

कुणी सांगेल की व्हिंटेजचा नंबर घ्या. २०२१ मध्ये आलेले ते नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी गाड्यांसाठी आहेत, ट्रकला ते लागू होत नाहीत. शिवाय तसा नंबर मिळालेली गाडी प्रदर्शनाला आणि रॅलीला नेता येते, रोजच्या वापरात नाही. तुमच्या कामाचं नाही ते.

आता रस्ता. तुम्ही लिहिलंय की पहिल्याच दिवशी अहिल्यानगर गाठू, लोक गाठतातच. कारनं गाठतात. तुमची गाडी पंचेचाळीस-पन्नासच्या वेगानं चालवायची. त्याच्यावर इंजिन ओरडतं, स्टेअरिंग भरकटतं आणि थांबायचं अंतर इतकं वाढतं की पुढच्या कारनं ब्रेक दाबला तर तुम्ही तिच्या डिकीत जाल.

या रस्त्याचा चढउतार नीट समजून घ्या, कारण सगळं नियोजन त्याच्यावर आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मानपूर ओलांडलं की गणपती घाटानं तुम्ही नर्मदेच्या खोऱ्यात उतरता. खलघाटला नर्मदा ओलांडून जुलवानियावरून सेंधव्यापर्यंत सातपुड्यावर चढता. तिथून बिजासन घाटानं शिरपूरकडे, तापीच्या खोऱ्यात पुन्हा उतरता. जाताना दोन मोठे उतार, येताना तेच दोन चढ. जाताना ब्रेकची परीक्षा, येताना रेडिएटरची. गणपती घाट अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. आता पर्यायी नवा रस्ता झालाय, पाट्या बघून त्यानंच जा, पण उतार तो उतारच.

उतरायची पद्धत एकच. ज्या गिअरमध्ये तुम्ही तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर माथ्यावरच, सपाटीला, गाडी जवळजवळ थांबवून टाकायचा. उतार सुरू झाल्यावर नाही. या गिअरबॉक्सला डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे एकेका गिअरला क्लच दोनदा दाबायचा. उतारावर वेग वाढलेला असताना तुम्ही गिअर काढलात आणि खालचा पडला नाही, तर तुम्ही न्यूट्रलमध्ये घाट उतरताय आणि थांबवायला फक्त तापलेले ड्रम आहेत. बहुतेक मोठे अपघात इथंच होतात. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. वेग वाढू द्यायचा, मग एकदा ठाम दाबून उतरवायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात ड्रमला हवा लागते. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे जुने ड्रायव्हर तुम्ही पाहिले असतील. व्हॅक्यूम बुस्टर (इंजिनाच्या मदतीनं ब्रेकला जोर देणारा) असलेल्या गाडीत इंजिन बंद म्हणजे दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखं होणार.

डबल क्लचचा सराव आधी घरच्या घरी करा. राऊ ते पीथमपूरच्या बाजूला सकाळी लवकर रस्ता मोकळा असतो. वरच्या गिअरमधून खालच्यात येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक झटका, मग क्लच, मग गिअर. कान सांगतो कधी बसणार ते. तिघांपैकी ज्याला न बघता, न कचकचता तिसऱ्यावरून दुसऱ्यात आणता येत नाही, त्यानं घाटात स्टेअरिंग हातात घ्यायचं नाही. मैत्री असली तरी.

मोठ्या प्रवासाआधी एक चाचणी फेरी करा, आणि ती महेश्वरची करा. नव्वदेक किलोमीटर, मध्ये गणपती घाटाचा उतार, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी तोच घाट चढून परत. पठारावर बायपासच्या चकरा मारून काहीच कळत नाही, कारण तिथं ना ड्रम तापतात ना पाणी. महेश्वरच्या फेरीत जे काही सुटायचं ते सुटतं, आणि इंदूर हाकेच्या अंतरावर असतं. महूवरून जाम दरवाजाचा रस्ता जास्त सुंदर आहे, पण वळणं आवळ आहेत. पहिल्या फेरीला तो नको.

फौजेत ड्रायव्हरला तीन गोष्टी शिकवतात: फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड. निघण्याआधी, थांब्यावर आणि मुक्कामाला गाडी तपासायची. ही गाडी त्या शिस्तीसाठीच बांधलेली आहे, तिच्यावर जागोजागी ग्रीसचे निपल आहेत ते त्यासाठी. हॉल्ट परेड म्हणजे काय ते सांगतो. दर तासा-दीड तासानं थांबा. चहा सांगण्याआधी चारही चाकांना फेरी मारा आणि ड्रमजवळ हाताची उलटी बाजू न्या, तळहात नाही. चारही साधारण सारखे कोमट लागायला हवेत. एक चटका देत असेल तर तो ब्रेक धरतोय. एक गार असेल तर तो ब्रेक लागतच नाहीये, आणि त्याचं काम बाकीचे तीन करतायत. मग हबला हात लावा, तिथं चटका बसला तर बेअरिंग. खाली वाकून डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सखाली नवा थेंब आहे का बघा. सगळं मिळून पाच मिनिटं. मग चहा. महूच्या आसपास ईएमईमधून (फौजेच्या यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागातून) निवृत्त झालेले जुने व्हेइकल मेकॅनिक आहेत. त्यातला एखादा शोधा आणि महेश्वरच्या फेरीला त्यांना मानानं सोबत न्या. या गाड्या त्यांनी अंधारात उघडून बसवलेल्या असतात. पुस्तकात जे नाही ते त्यांच्या हातात आहे.

मुक्काम असे ठेवा. पहिल्या दिवशी सेंधवा, दीडशे किलोमीटर. तिथं लास्ट परेड करून, ड्रम गार झालेले असताना, दुसऱ्या दिवशी सकाळी बिजासन उतरा. घाटात बिजासनी देवीचं देऊळ आहे, ट्रकवाले तिथं थांबतात, तुम्हीही थांबा आणि ड्रमला हात लावून बघा. मग शिरपूर, धुळे, मालेगाव. तिसऱ्या दिवशी मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी, राहाता आणि अहिल्यानगर. या तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत मुक्काम गाठायचाच. डिसेंबर म्हणजे कारखान्यांचा गळीत हंगाम. कोपरगावपासून पुढे उसाच्या जोड ट्रॉल्या चालतात, कित्येकांना मागं दिवा नसतो, आणि तुमच्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड आजच्या मानानं अगदी मंद. त्यात शिर्डीच्या पदयात्रा असतात, त्याही रस्त्याच्या कडेनं. तुमच्याही गाडीच्या मागं लाल परावर्तक पट्टी पूर्ण रुंदीभर लावा, कारण ऐंशीनं येणाऱ्याला पंचेचाळीसनं जाणारा ट्रक फार उशिरा कळतो.

अहिल्यानगरला एक पूर्ण दिवस ठेवा. १९९४ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून युद्धात पकडलेल्या पॅटनपर्यंत कितीतरी गोष्टी आहेत, आणि गाडीलाही विसावा मिळतो. त्याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यात चौंडी आहे, अहिल्याबाईंचं जन्मगाव. आपण इंदूरचे. तिथं गेल्यावाचून मी परतणार नाही, तुम्हीही परतू नका.

पुण्याहून ताम्हिणीनं माणगाव, मग म्हसळा आणि हरिहरेश्वर. पेट्रोल पुण्यातच पूर्ण भरा. ताम्हिणीचा उतार वळणावळणाचा आहे, बिजासनपेक्षा रस्ता अरुंद. वरची पद्धत इथंही तीच. मागं गाड्या साचल्या तर जागा बघून बाजूला थांबा आणि त्यांना जाऊ द्या. कोणाच्या हॉर्नमुळे वेग वाढवायचा नाही.

समुद्रावर पोचल्यावर फोर व्हील टाकून वाळूत घालायचा मोह होईल. घालू नका. ओल्या वाळूत रुतलेला एवढा जड ट्रक भरतीच्या आत बाहेर काढायला दुसरा तेवढाच जड ट्रक लागतो, आणि खारं पाणी ड्रममध्ये आणि चेसिसच्या पोकळीत शिरलं की तुम्ही महिनाभर जे केलंत ते दोन वर्षांत गंजतं. वर रस्त्यालाच लावा. परत निघण्याआधी मुक्कामावर गोड्या पाण्याचा पाइप लावून खालून नीट धुवा, आणि धुतल्यावर सगळे निपल पुन्हा ग्रीस करा.

परतीला धुळ्याहून पहाटे निघा, म्हणजे बिजासनचा चढ उन्हाच्या आत होतो. तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर गिअर उतरवा, इंजिन जरा जास्त फिरू द्या, त्यानं पाण्याचा पंप आणि फॅन दोन्ही जोरात चालतात. तरी चढत राहिला तर थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू ठेवा. रेडिएटरचं झाकण अर्ध्या तासाच्या आत उघडायचं नाही. उघडाल तेव्हा जाड फडकं घालून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंतच. आणि तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी एकदम ओतू नका, इंजिन चालू करून थोडं थोडं घाला. वीस लिटर पाण्याचा कॅन केबिनमध्येच ठेवा, हौद्यात सामानाखाली नाही.